असलेले पुस्तक सापडावे म्हणून

आचार्य अत्र्यांचे ‘कऱ्हेचे पाणी’ विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. आत्मचरित्रांच्या मांडणीवर, आपल्या जागी, बारकोड चिकटवून उभे आहे. तरीही एखादी विद्यार्थिनी तिथल्या संगणकावर नाव टाइप करते आणि उत्तर येते: एकही नोंद नाही. यात चूक तिची नसते आणि संगणकाचीही नसते. ‘कऱ्हा’ या शब्दातला अर्धा र दोन प्रकारांनी टंकित करता येतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर धरून त्याचा पाय मोडतात. दुसऱ्यात नेहमीच्याच ‘र’चा पाय मोडून त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह ठेवतात. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, यंत्राच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द आहेत. नोंद करणाऱ्याने एक प्रकार वापरला आणि शोधणारीने दुसरा, की पुस्तक असून नसल्यासारखे. यावर उपाय आहे. नोंदीत दोन्ही रूपे घालायची, किंवा दोन्ही रूपे एकच आहेत हे शोधयंत्रणेला सांगून ठेवायचे. पण आधी ही अडचण कुणाच्या तरी लक्षात यावी लागते, आणि ती लक्षात येण्यासाठी मराठी, संगणक आणि वाचक या तिघांची नाडी ठाऊक असलेला माणूस तिथे बसलेला असावा लागतो. त्या माणसाला आपण ग्रंथपाल म्हणतो.

विद्यापीठातल्या ग्रंथपालाबद्दल समाजात दोन समजुती आहेत. एक जुनी: हा पुस्तकांचा राखणदार, किल्ल्या सांभाळणारा, दंड वसूल करणारा. दुसरी नवी: आता सगळे इंटरनेटवर मिळते, तेव्हा या माणसाचे काम संपत आले. दोन्ही समजुतींच्या मुळाशी एकच गृहीत आहे, की ग्रंथालयाचे काम म्हणजे पुस्तके जवळ असणे. पुस्तक असणे आणि ते हव्या त्या माणसाला हव्या त्या वेळी सापडणे यांत मोठे अंतर आहे, आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयातले रोजचे जवळजवळ प्रत्येक काम हे अंतर कमी करण्यासाठी चाललेले असते. संगणक आल्यावर हे अंतर मिटले नाही. मराठीच्या बाबतीत तर ते काही ठिकाणी वाढले आहे.

एखादे पुस्तक मांडणीवर येईपर्यंत काय काय होते ते पाहिले, तर या कामाचा पोत कळतो. विभागांकडून मागणी येते. ती आधीच्या साठ्याशी ताडून पाहावी लागते, कारण तेच पुस्तक वेगळ्या प्रकाशकाच्या नावाने आधीच आलेले असू शकते. मग ग्रंथालय समितीची मान्यता, विक्रेत्यांची कोटेशने, सवलतीचा दर, बिल, आणि मार्चअखेरची धावपळ. पुस्तक आले की पाने मोजून, फाटकी किंवा कोरी पाने पाहून, दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो. त्यानंतर वर्गीकरण, तालिकीकरण, पाठीवर वर्गांकाची चिठ्ठी, आत शिक्का. वाचकाला यातले फक्त देवघेवीचे टेबल दिसते, म्हणून सारे काम त्या टेबलावरच चालते असे त्याला वाटते. खरेदीतही ग्रंथपालाचा एक निर्णय फार मोलाचा असतो. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशकांनी आपल्या पुस्तकांच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह आणखी मोजक्या ग्रंथालयांना द्यायच्या असतात. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला असे आपोआप काही येत नाही. एखाद्या तालुक्याच्या गावी छापलेला स्थानिक इतिहास, एखाद्या जातिसमूहाच्या बोलीचा कोश, एखाद्या कार्यकर्त्याचे स्वतःच्या खर्चाने काढलेले आत्मकथन, ही पुस्तके मोठ्या विक्रेत्यांच्या यादीत येत नाहीत. ग्रंथपालाने ती मुद्दाम शोधून घेतली नाहीत, तर पंचवीस वर्षांनी त्या प्रदेशावर संशोधन करणाऱ्याला ती कुठेच मिळणार नाहीत.

वर्गीकरण हा या कामाचा सर्वांत कमी कळणारा आणि सर्वांत विचार मागणारा भाग. पुस्तकाचे विषय कितीही असोत, मांडणीवर त्याला जागा एकच. तुकोबांची गाथा कुठे ठेवायची? आपल्याकडच्या बहुतेक ग्रंथालयांत चालते त्या ड्युई दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा अंक ८९१.४६ आणि त्यातल्या कवितेचा ८९१.४६१. गाथा तिथे ठेवली तर ती मर्ढेकर-करंदीकरांच्या शेजारी येते आणि कवितेच्या अभ्यासकाच्या हाती पडते. हिंदू धर्माच्या २९४.५ मध्ये ठेवली तर ती भक्तिसंप्रदायांच्या शेजारी बसते आणि धर्माच्या अभ्यासकाला भेटते. इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’चेही तसेच. तो महाभारताचा अभ्यास म्हणून २९४.५९२३ मध्ये जातो, मराठी निबंध म्हणून साहित्यात जातो, आणि एका मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी समाजाकडे पाहिलेली नजर म्हणून समाजशास्त्रातही शोभतो. यातले कुठलेच उत्तर चूक नाही, पण प्रत्येक उत्तराने पुस्तकाचे शेजारी बदलतात, आणि मांडणीपुढे उभे राहून चाळणारा वाचक शेजाऱ्यांमुळेच नवे पुस्तक हाती घेतो. शिवाय ही पद्धत मेल्विल ड्युई यांनी १८७६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केली. धर्माच्या विभागात ख्रिस्ती धर्माला ती ऐसपैस जागा देते आणि जगातले उरलेले सगळे धर्म २९० ते २९९ मध्ये दाटीवाटीने बसवते. वारकरी, महानुभाव, नाथ, लिंगायत, सूफी यांची नीट मांडणी त्या चौकटीत करायची, तर ग्रंथपालाला स्वतःची अक्कल लढवावी लागते. नुसता अंक पाहून चिठ्ठी चिकटवण्याइतके हे सोपे काम नाही.

नावांची गोष्ट तर खास मराठी आहे. आपले लेखक टोपणनावांनी लिहितात आणि एकाच माणसाची दोन नावे दोन साहित्यप्रकारांत वावरतात. आरती प्रभू या नावाने कविता, चिं. त्र्यं. खानोलकर या नावाने कादंबऱ्या आणि नाटके. राम गणेश गडकरी नाटककार, गोविंदाग्रज कवी, बाळकराम विनोदी लेखक. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ विभावरी शिरूरकर या नावाने आले. त्या लेखिकेचे लग्नाआधीचे नाव बाळूताई खरे, नंतरचे मालतीबाई बेडेकर. या नावांना जोडणारा धागा सूचीत नसेल, तर मालतीबाईंवर प्रबंध लिहिणाऱ्या मुलीला त्यांचे अर्धेच लेखन मिळेल, आणि आपल्याला अर्धेच मिळाले हे तिला कळणारही नाही. हा धोका मला सर्वांत मोठा वाटतो. पुस्तक मिळाले नाही तर माणूस विचारायला जातो. अपुरी यादी मिळाली तर तो समाधानाने निघून जातो. त्यात शुद्धलेखनाची भर आहे. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, पण त्याआधीच्या हजारो पुस्तकांच्या शीर्षकपृष्ठांवर ‘नांव’, ‘कांहीं’, ‘केलें’ असेच छापलेले आहे. सूचीकाराने शीर्षकपृष्ठावरचे जसेच्या तसे उतरवायचे असते, आणि आजचा विद्यार्थी आजच्या पद्धतीने टाइप करतो. संगणक आले तेव्हा अनेक ठिकाणी मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत झाल्या, त्याही मनाला येईल त्या स्पेलिंगने. एकाच कादंबरीचे नाव कुठे एका ‘ए’ने, कुठे दोन ‘ए’ने. कार्डांच्या खणांतून संगणकात माहिती भरण्याचे काम बऱ्याचदा कंत्राटाने, नगावर पैसे देऊन करून घेतले गेले. त्या वेळी झालेली चूक दुरुस्त करायला आज कुणीतरी एकेक नोंद उघडून बसते, तेव्हा ती पुस्तके पुन्हा जगात येतात.

हे सगळे ऐकून कुणी म्हणेल, की हे काम किचकट आहे हे मान्य, पण ते कारकुनीच आहे. त्याला विद्वत्ता कशाला लागते? या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या आयुष्यातून मिळते तो माणूस स्वतः सुरुवातीला याच मताचा होता. शि. रा. रंगनाथन हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत त्या रिकाम्या शांततेला कंटाळून परत वर्गात जायला निघाले. आधी लंडनला जाऊन हा विषय शिकून या, मग ठरवा, असा सल्ला त्यांना मिळाला. तिथे युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी अभ्यास केला, इंग्लंडमधली अनेक ग्रंथालये हिंडून पाहिली, आणि परतले ते या कामाला वाहून घेऊनच. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, १९३३ मध्ये स्वतःची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत प्रसिद्ध केली. एका विषयाचे घटक सुटे करून हवे तसे पुन्हा जोडण्याची त्यांची रीत लंडनच्या एका दुकानात पाहिलेल्या मेकॅनो या जोडणीच्या खेळण्यावरून सुचली होती. पुस्तक कुठे ठेवायचे हा प्रश्न त्यांनी गणितज्ञाच्या गांभीर्याने घेतला, म्हणून तो सुटला. त्यांच्या सूत्रांतले चौथे वाचकाच्या वेळेविषयी आहे. ग्रंथालयाच्या हर रचनेची कसोटी वाचकाचा वेळ वाचतो की नाही ही. विद्यापीठाच्या ग्रंथपालाला आज विद्यापीठ अनुदान आयोग पीएच.डी. आणि दहा वर्षांचा अनुभव मागतो त्यामागे हीच जाण आहे. पद भरताना मात्र ती विसरली जाते. कितीतरी ठिकाणी दुसऱ्याच विषयाचे प्राध्यापक प्रभारी म्हणून ग्रंथालय सांभाळतात. त्या प्राध्यापकांच्या हेतूबद्दल शंका नाही, पण सूचीतले तुटलेले धागे प्रभारी माणसाला दिसत नाहीत.

मोठा आक्षेप गूगलचा, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा. विद्यार्थी प्रश्न विचारतो, यंत्र संदर्भांसकट उत्तर देते, मग मधला माणूस हवा कशाला? इंग्रजीतल्या चालू विज्ञानविषयांसाठी या आक्षेपात बरेच तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. दहा वर्षांपूर्वी संदर्भ विभागात विचारले जाणारे बरेचसे प्रश्न आज कुणी विचारत नाही, आणि ते बरेच झाले. पण यंत्राला तेच सापडते जे अंकरूपात, वाचता येईल अशा लिपीत, खुल्या जागी ठेवलेले असते. ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ ते १९३७ अशी सत्तर वर्षे निघाले. ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली आणि तेव्हापासून मराठीतल्या कितीतरी उत्तम कथा आणि लेख दिवाळी अंकांतच पहिल्यांदा छापून आले. यातल्या प्रत्येक लेखाची सूची झालेली नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी मुद्रित पुस्तकांची सूची पुस्तके प्रत्यक्ष शोधत जाऊन तयार केली, म्हणून निदान त्या काळातल्या पुस्तकांचा पत्ता लागतो. जिथे असे हात फिरले नाहीत तिथे यंत्रही आंधळे असते. आणि आंधळे यंत्र गप्प बसत नाही, हा नवा प्रश्न आहे. ही यंत्रे कधी न लिहिलेले लेख, खऱ्या लेखकांच्या नावावर, खऱ्या नियतकालिकांचे खंड-अंक घालून देतात. ते शोधायला लोक ग्रंथालयात येऊ लागले आहेत, हा जगभरच्या ग्रंथपालांचा अनुभव आहे. असा लेख अस्तित्वातच नाही हे खात्रीने सांगायला, असलेला लेख काढून देण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. त्यासाठी त्या वर्षाचा बांधलेला खंड कपाटातून काढून पाने उलटावी लागतात, आणि तो खंड कसरीपासून, ओलीपासून, बांधणी उसवण्यापासून कुणीतरी जपलेला असावा लागतो.

प्रबंधांचेही पाहा. २००९ च्या नियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.चे प्रबंध अंकरूपात देणे बंधनकारक केले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’वर देशभरातले प्रबंध लाखोंच्या संख्येने सर्वांना मोफत वाचायला मिळाले. भारतीय विद्यापीठांच्या इतिहासातल्या चांगल्या कामांत मी याची गणना करतो. हे प्रबंध चढवण्याचे, त्यांचे भाग पाडण्याचे, नोंदी भरण्याचे काम ग्रंथालयेच करतात. २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांनंतर प्रबंध जमा होण्याआधी त्याची साम्यतपासणीही बहुधा ग्रंथालयातच होते. त्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. पुढे १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर अशा वाढत्या पायऱ्या आहेत. विद्यार्थ्यांना वाटते यंत्राने आकडा काढला की झाले. पण योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, सर्वमान्य संज्ञा आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाने जुळलेले शब्द वगळायचे असतात, आणि काय वगळायचे ते अहवाल उघडून माणसालाच ठरवावे लागते. संतसाहित्यावरच्या प्रबंधात पानोपानी ओव्या असतात. आकडा फुगतो, चोरी झालेली नसते. याच्या उलट, इंग्रजी पुस्तकाचा मराठीत केलेला बेमालूम अनुवाद यंत्राच्या हातून सहज सुटू शकतो. ज्याच्या सहीवर एखाद्याची पाच वर्षांची मेहनत अडते किंवा पुढे सरकते, त्याला कारकून म्हणणे बरोबर नाही.

नियतकालिकांच्या बाबतीत नुकताच मोठा बदल झाला. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मान्यता दिली: २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था. आता निवड दिल्लीत झाली, ग्रंथपालाला ठरवायला काय उरले, असे कुणी विचारू शकेल. गडचिरोलीतल्या विद्यार्थ्याला मुंबईतल्या संस्थेइतकेच वाचायला मिळावे ही कल्पना मनापासून स्वागत करावी अशीच आहे. पण तेरा हजारांतली कुठली सहा नियतकालिके आपल्या कामाची आहेत हे त्या विद्यार्थ्याला कुणी दाखवले नाही, तर ते दार त्याच्यासाठी बंदच राहते. बाहेरून लॉगिन कसे करायचे, शोधशब्द कसे बांधायचे, कुठले नियतकालिक पैसे घेऊन काहीही छापते, हे शिकवणे हा आता ग्रंथपालाच्या दिवसाचा मोठा भाग आहे. दुसरे असे, की पूर्वी वर्गणी भरली की अंक बांधून कायमचे आपले होत. आता बरेचसे आपण भाड्याने वाचतो. आणि तिसरे, मराठीतली नियतकालिके या तीस प्रकाशकांच्या यादीत नाहीत. त्यांची वर्गणी भरायची की थांबवायची हे आजही विद्यापीठाच्या ग्रंथालयातच ठरते, आणि इंग्रजीची सोय परस्पर झाली म्हणून नियतकालिकांची तरतूदच कापली गेली, तर पहिला घाव मराठीवर बसेल.

एक आक्षेप मात्र मला पुरता खोडता येत नाही, आणि तो वाचकांचा आहे. ग्रंथालयाला आमच्यासाठी एवढी तळमळ असेल, तर कपाटांना कुलपे का? चिठ्ठी लिहून द्या, परिचर पुस्तक आणून देईल, हा कारभार अजून चालतोच कसा? यात ग्रंथपालांचा दोष आहे. मालकीची भावना लवकर जडते आणि लवकर सुटत नाही. पण दोषाचा मोठा वाटा हिशेबाच्या पद्धतीकडे जातो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत वर्षभरात दिलेल्या किंवा वाचायला काढलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणे वाजवी मानले आहे, अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसेल तर. हजार रुपयांवरच्या आणि दुर्मीळ पुस्तकांची चौकशी मात्र करावीच लागते. नियम समंजस आहे. प्रत्यक्षात हरवलेले पुस्तक साठा पडताळणीत आणि लेखापरीक्षणात लाल शाईने उठून दिसते, निवृत्तीच्या वेळी वसुलीची भीती घालते. तीस वर्षांत कुणीही न उघडलेले पुस्तक कुठल्याच अहवालात येत नाही. मूल्यांकनाच्या तक्त्यांतही खर्च किती, रोज किती जण आले, संगणकीकरण झाले का, हे विचारले जाते. शोधायला आलेल्याला हवे ते मिळाले का, हा रकाना नाही. अभ्यासिकेचे तेच. स्पर्धा परीक्षांची मुले पहाटेपासून रांग लावतात, स्वतःची पुस्तके घेऊन येतात, दिवसभर बसतात. ज्यांच्या खोलीत पंखा आणि टेबल नाही त्यांना विद्यापीठाने जागा देणे योग्यच आहे. पण भरलेल्या खुर्च्या मोजून ग्रंथालय उत्तम चालले असा निष्कर्ष काढला, तर आतल्या कपाटांकडे कुणी पाहत नाही.

तातडीचे काम कुठले, असे विचारले तर मी जुन्या मराठी प्रबंधांकडे बोट दाखवीन. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टंकित होत असे. अशा प्रबंधांची फाइल उघडली तर मराठी अक्षरे दिसतात, पण आत साठवलेला मजकूर असतो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा. शोध घेतला तर त्यातले एकही मराठी वाक्य सापडत नाही. साम्यतपासणी त्यांना ओलांडून जाते, म्हणून त्यांच्यातून उचललेले पानही पकडले जात नाही. दलित साहित्य, ग्रामीण बोली, सहकार, पाणलोट, लोकदैवते यांवरचे कितीतरी अस्सल काम या फायलींत पडून आहे. तिथे आधी फाँट कुठला ते ओळखावे लागते, तो युनिकोडमध्ये बदलावा लागतो, जोडाक्षरे आणि रफार कुठे बिघडले ते मुळाशी ताडून दुरुस्त करावे लागतात, आणि मग नोंद नव्याने करावी लागते. रूपांतर करणारी साधने आहेत, पण दुरुस्ती ओळीओळीने, मराठी नीट येणाऱ्या माणसालाच करावी लागते. ते फाँट ज्यांच्या बोटांत बसले होते ती माणसे आता निवृत्तीला आली आहेत. हे काम नेमून दिलेले, त्यासाठी वेळ आणि दोन माणसे राखलेली, असे टेबल आपल्या प्रत्येक विद्यापीठाच्या ग्रंथालयात या वर्षी हवे.